कॉलेजचा तास ऑनलाइन नेणं म्हणजे नेमकं काय? कॅमेरा लावला की झालं?

मार्च २०२० च्या मध्यात राज्यातली कॉलेजं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. पुढच्या काही आठवड्यांत प्राध्यापकांच्या फोनमध्ये झूम आणि गूगल मीट आलं, वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाले आणि फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा स्क्रीनवर सुरू झाला. वेळापत्रक तेच, विषय तेच, बोलणंही तेच. फक्त समोर चेहऱ्यांऐवजी नावाचं पहिलं अक्षर लिहिलेले गोल.

त्या दोन वर्षांवरून अनेकांनी ऑनलाइन शिक्षणाबद्दलचं मत कायमचं पक्कं करून टाकलं. कुणाला ते निव्वळ थोतांड वाटतं, तर कुणाला तेच भविष्य वाटतं. नियम मात्र दरम्यानच्या काळात पुढे सरकत गेले. आज पदवीच्या अभ्यासक्रमातले काही विषय ऑनलाइन पूर्ण करता येतात आणि काही शाखांची अख्खी पदवीही ऑनलाइन घेता येते. म्हणूनच वर्गातला तास ऑनलाइन नेताना नेमकं काय बदलावं लागतं आणि ते न बदलल्यास फटका कोणाला बसतो, हे समजून घ्यायला हवं.

२०२० मध्ये झालं ते ऑनलाइन शिक्षण होतं का?

खरं तर नाही. मार्च २०२० च्या अखेरीस, म्हणजे जगभरातली विद्यापीठं नुकतीच बंद झाली होती तेव्हाच, चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ‘एज्युकॉज रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं होतं की सध्या जे चाललंय त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ‘आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन’ म्हणा. पूर आल्यावर शाळेत राहायची सोय करतात, पण त्याला कुणी घर म्हणत नाही, तसाच हा प्रकार.

त्या लेखातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यापीठाचा एक पूर्ण ऑनलाइन कोर्स नीट तयार करायचा तर शिकवायला सुरुवात करण्याआधी साधारण सहा ते नऊ महिने लागतात. आपल्याकडच्या प्राध्यापकांना तेव्हा काही दिवसही मिळाले नव्हते. त्यामुळे ‘ऑनलाइन फसलं’ असं म्हणताना आपण नेमक्या कशाला नापास करतोय, हा प्रश्न उरतोच.

वर्गाबाहेर शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. भारतात १९८५ मध्ये इग्नू आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरी करणारे, शिक्षण अर्धवट सुटलेले, घर सांभाळणारे अशा अनेकांना मुक्त विद्यापीठामुळे पदवी मिळाली.

मुक्त विद्यापीठाचं पाठ्यपुस्तक उघडून पाहिलंत तर ते नेहमीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळं दिसतं. सुरुवातीला घटकाची उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरूनच ते लिहिलेलं असतं. जोडीला अभ्यासकेंद्र आणि शंका सोडवायला समंत्रक. कॉलेजांनी २०२० मध्ये घाईघाईत झूमच्या लिंक पाठवल्या, तेव्हा हा तीसेक वर्षांचा अनुभव नाशिकमध्येच होता. त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, कारण आपल्याकडे ‘बाहेरून पदवी’ म्हणजे दुय्यम अशी एक अढी आहे.

वर्ग न सांगता काय काय करतो?

वर्गात बऱ्याच गोष्टी कुणी मुद्दाम न करता होत असतात. शिक्षकाला चेहरे दिसतात. कोणाच्या कपाळावर आठी आहे, कोण मान डोलावतंय पण लिहीत काहीच नाही, हे कळतं. शेजारचा विद्यार्थी कानात सांगतो, ‘अरे, ते वजा करायचं.’ तासाची घंटा होते, म्हणजे वेळेचं नियोजन आपोआप होतं. तास संपल्यावर दारात थांबून दोन मिनिटांत विचारलेली शंका तर कुठल्याच वेळापत्रकात नसते.

रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर या कॅनडातल्या संशोधकांनी २००० साली याचीच एक चौकट मांडली. ऑनलाइन शिकणं घडायचं तर तीन प्रकारची ‘उपस्थिती’ लागते, असं ते म्हणतात. विद्यार्थी स्वतः विचार करतोय ही एक. आपण माणसांमध्ये आहोत, हे जाणवणं ही दुसरी. आणि कुणीतरी हे सगळं आखतंय, दिशा देतंय ही तिसरी. वर्गात चार भिंतींमुळे या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात आयत्या मिळतात, ऑनलाइनमध्ये प्रत्येक गोष्ट मुद्दाम उभी करावी लागते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा एक तास घेऊ. विषय आहे घसारा. एक लाख रुपयांचं यंत्र आहे आणि दर १० टक्के. एका पद्धतीत दरवर्षी मूळ किमतीच्या १० टक्के, म्हणजे १०,००० रुपये कमी करायचे. दुसऱ्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर १० टक्के लावायचे.

वर्गात सर फळ्यावर दुसऱ्या पद्धतीचं गणित सोडवतात. पहिल्या वर्षी १०,००० कमी, उरले ९०,०००. मग मागे वळून विचारतात, ‘दुसऱ्या वर्षी किती?’ अर्धा वर्ग म्हणतो ‘दहा हजार’, काही जण म्हणतात ‘नऊ हजार’. सरांना तिथेच कळतं की अर्ध्या वर्गाला दोन पद्धतींमधला फरक कळलेला नाही. ते पुन्हा समजावतात. यात तीस सेकंद जातात, पण तासातलं खरं शिक्षण त्या तीस सेकंदांत होतं.

हाच तास कॅमेऱ्यासमोर रेकॉर्ड केला तर सर विचारतात ‘दुसऱ्या वर्षी किती?’ आणि लगेच स्वतःच उत्तर देतात ‘नऊ हजार’. पाहणारा मान डोलावतो. बघताना सगळं सोपं वाटतं. परीक्षेत मात्र तो १०,००० लिहून येतो.

आता तोच तास ऑनलाइनसाठी नव्याने बांधायचा तर काय करता येईल? पाच-सहा मिनिटांचा पहिला तुकडा, त्यात फक्त पहिल्या वर्षाचं गणित. मग व्हिडिओ थांबतो आणि स्क्रीनवर सूचना येते: दुसऱ्या वर्षाचा घसारा वहीत काढा, उत्तर इथे भरा. १०,००० भरणाऱ्याला पुढचा तुकडा वेगळा दिसतो, त्यात त्याची चूक कुठे झाली ते असतं. ९,००० भरणारा तिसऱ्या वर्षाच्या ८,१०० कडे जातो. शेवटी एक खुला प्रश्न: या पद्धतीत यंत्राची किंमत कधी शून्य होईल का? हा प्रश्न ग्रुपवर टाकायचा आणि आठवड्यातल्या एकाच थेट तासात त्यावर बोलायचं.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. आयआयटी मुंबईत साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ऑनलाइन कोर्सच्या पद्धतीत व्हिडिओमध्ये अशा थांबण्याच्या जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात. तिथे थांबून विद्यार्थ्याने विचार करायचा, काहीतरी लिहायचं, मगच पुढे जायचं.

व्हिडिओ छोटा का, याचंही उत्तर आहे. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या व्यासपीठावरच्या चार कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते. नुसत्या पीपीटीच्या स्लाइडपेक्षा, हाताने लिहीत-काढत समजावणारे व्हिडिओ लोक जास्त वेळ पाहत होते. म्हणजे खडू-फळ्याचं तंत्र ऑनलाइनमध्येही कामाचं आहे. आपल्याकडे मात्र ऑनलाइन म्हटलं की आधी पीपीटी तयार होते.

थेट तास की रेकॉर्ड केलेला?

इथे शिकवण्याच्या पद्धतीइतकाच प्रश्न डेटाचा आणि फोनचा आहे. साधा हिशेब करू. व्हिडिओ कॉलला सेकंदाला ६०० किलोबिट लागतात असं धरलं, तर तासाला २७० एमबी होतात. दिवसाला चार तास म्हणजे एक जीबीच्या वर. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल आणि घरात फोन एकच असेल, तर बाकीच्यांसाठी काय उरतं ते सांगायला नको. याउलट नुसता आवाज सेकंदाला ४८ किलोबिटने पाठवला तर तासाला २२ एमबीच्या आसपास लागतात. आवाज आणि सोबत चार पानांची पीडीएफ, एवढ्यावर बरंच काही शिकवता येतं.

लॉकडाऊनच्या आधीचं चित्र राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये नोंदवलं गेलं होतं. देशात संगणक असलेली कुटुंबं १०.७ टक्के होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होतं. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांकडे होती, शहरी भागात ४२ टक्के. त्यानंतर स्मार्टफोन खूप पसरले, पण फोन असणं आणि शिकायला फोन मिळणं यात फरक आहे. तोच फोन कामावर जाणाऱ्या वडिलांकडे असतो किंवा धाकट्या भावाच्या शाळेलाही लागतो. घरात एकच फोन असेल तेव्हा मुलीचा नंबर अनेकदा शेवटी लागतो.

त्यामुळे थेट तास हा ऑनलाइनचा सगळ्यात महागडा प्रकार आहे. ठरलेल्या वेळी रेंज, डेटा, फोन, शांत खोली आणि चार्जिंग असं सगळं एकाच वेळी जमून यावं लागतं. रेकॉर्डिंग किंवा लिखित साहित्य रात्री अकराला घरातले झोपल्यावरही वाचता येतं. म्हणून माहिती सांगायची ती रेकॉर्ड करून द्या, थेट वेळ फक्त बोलण्यासाठी, शंकांसाठी आणि गणितं सोडवण्यासाठी ठेवा, असा या क्षेत्रातला साधारण सल्ला असतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर पहिल्यापासून इंटरनेटशिवाय वापरता येतील अशी, साधारण दहा मिनिटांची प्रात्यक्षिकं बनवली. ती मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्या स्क्रीनवर ते सॉफ्टवेअर, पाहत पाहत स्वतः करायचं.

जाता जाता कॅमेऱ्याबद्दल. कॅमेरा सुरू नसेल तर हजेरी नाही, असा नियम लावला गेला की डेटा जास्त जातो आणि घरातली एकच खोली सगळ्या वर्गासमोर येते. त्यातून सतत स्वतःचाच चेहरा पाहत राहिल्याने थकवाही येतो, असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. विद्यार्थी हजर आहे का हे पाहण्यासाठी तासात विचारलेल्या दोन छोट्या प्रश्नांची उत्तरं पुरतात.

परीक्षेचं काय?

महाराष्ट्रात ऑनलाइन शिक्षणाची सगळ्यात मोठी चर्चा शिकवण्यावरून झालीच नाही, ती झाली परीक्षेवरून. जून २०२० मध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता आधीच्या सत्रांच्या गुणांवर निकाल लावायचं ठरवलं. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने निकाल दिला की परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, मात्र राज्याला मुदतवाढ मागता येईल. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मुंबई आणि पुण्यासह राज्यातल्या विद्यापीठांनी मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या.

त्या परिस्थितीत दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे मान्य. पण वर्षभर दीर्घोत्तरी प्रश्नांची तयारी केलेल्या विद्यार्थ्याला चारांतला एक पर्याय निवडायला लावला, की तपासलं जातं ते काहीतरी वेगळंच. त्या बॅचला पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘कोविड बॅच’ म्हणून टोमणे ऐकावे लागले. यात त्यांची चूक काय होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

घरून दिलेली परीक्षा म्हणजे पुस्तक जवळ असणारच, असं धरून प्रश्न काढणं हा यावरचा मार्ग आहे. ‘घसाऱ्याची व्याख्या लिहा’ हा प्रश्न ऑनलाइनमध्ये निरर्थक आहे. ‘तुमच्या गावातल्या पिठाच्या गिरणीसाठी कोणती पद्धत वापराल आणि का?’ याचं उत्तर शोधून सापडत नाही, निदान सहजासहजी तरी नाही. आता एआय आल्यावर हाही प्रश्न पुरेसा राहिलेला नाही, म्हणून उत्तरावर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा जोडावी लागते. पण १२० जणांच्या वर्गाला पाच मिनिटांप्रमाणे दहा तास लागतात. हे दहा तास कोणाच्या कामात धरायचे?

फटका कोणाला बसतो?

ऑनलाइन कोर्समध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेक जण तो पूर्ण करत नाहीत, हे आता नवीन राहिलेलं नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एआय कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली आणि जगभर गाजावाजा झाला. त्यानंतरच्या अशा मोफत कोर्सेसमध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा खूपच कमी राहिलं. पण मोफत कोर्स सोडणं आणि पदवीचा विषय सोडणं एकसारखं नाही.

पदवीबद्दल जास्त बोलका अभ्यास डी शू आणि शाना स्मिथ जॅगर्स यांचा आहे. त्यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजे आपल्या साध्या सरकारी कॉलेजांसारख्या संस्थांचा, ४० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा डेटा तपासला. ऑनलाइन विषयात सगळ्याच गटांची कामगिरी घसरली होती. पण तरुण विद्यार्थी, मुलगे, कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि आधीचे गुण कमी असलेले यांची घसरण जास्त होती. म्हणजे वर्गात जे मागे होते ते ऑनलाइनमध्ये आणखी मागे गेले. हा अभ्यास कोविडच्या आधीचा आहे, त्यामुळे ‘घाईत केलं म्हणून झालं’ ही सबब इथे चालत नाही.

हुशार आणि स्वतःहून अभ्यास करणारा विद्यार्थी कुठूनही शिकतो. वर्गाची सगळ्यात जास्त गरज शेवटच्या बाकावरच्याला असते, आणि ऑनलाइनमध्ये सगळ्यात आधी दिसेनासा होतो तोही तोच. यावर एक साधा उपाय आहे. पहिल्या दोन आठवड्यांत जो विद्यार्थी एकदाही आला नाही, ज्याने एकही स्वाध्याय दिला नाही, त्याला फोन करायचा. ऑटोमॅटिक ईमेल नको, माणसाने केलेला फोन हवा.

नियम काय सांगतात?

सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरचे कोर्स करून पदवीचे क्रेडिट मिळवता येतात. हे २०१६ पासून शक्य आहे. आधी एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत विषय असे करता येत होते, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने मिश्र पद्धतीचा मसुदाही आणला, त्यातही ऑनलाइनचा वाटा ४० टक्क्यांपर्यंतच होता. पूर्ण ऑनलाइन पदवीसाठी सप्टेंबर २०२० चे वेगळे नियम आहेत आणि मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. मात्र इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा अशा अनेक शाखा त्यातून वगळल्या आहेत. तुम्ही प्रवेश घेणार असाल तर त्या विद्यापीठाला, त्याच कोर्ससाठी, त्याच वर्षाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. जाहिरातीतल्या लोगोवर विसंबू नका.

हे काम करणार कोण?

सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांमध्ये शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. वर दिलेला घसाऱ्याचा धडा बांधायला दोन-तीन दिवस सहज जातात: लिहिणं, रेकॉर्डिंग, प्रश्न, चुकीच्या उत्तरांसाठीचे वेगळे तुकडे. तासांच्या हिशेबात मात्र तो एकच तास धरला जातो, किंवा तेवढाही नाही.

शिवाय एकदा रेकॉर्ड झालेला धडा पुढच्या वर्षी कोणाचा? कॉलेजने तोच व्हिडिओ पुन्हा लावला तर त्या प्राध्यापकाचा तास कमी होणार का? प्राध्यापकाने कॉलेज सोडलं तर? नेमणुकीच्या पत्रात याबद्दल एक ओळ तरी आहे का, हे रेकॉर्डिंगला बसण्याआधी विचारून घेतलेलं बरं. अनेक प्राध्यापक धड्यांऐवजी झूमच्या लिंक पाठवून मोकळे होतात, त्यात आळसाचा भाग असेलही. पण ज्याचा दर तासावर ठरतो, तो नऊ महिन्यांचं काम आगाऊ आणि फुकट का करेल?